मुंबईच्या यादीत

जीर्णोद्धाराच्या वर्गणीची यादी लागली. सभामंडपाच्या खांबावर दोन कागद चिकटवलेत, एकावर 'ग्रामस्थ' आणि दुसऱ्यावर 'मुंबई मंडळ'. दादाचं नाव पहिल्यावर आहे, माझं दुसऱ्यावर, आप्पांच्या खाली.

काकीला सांगितलं तर ती तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "तू मुंबयचीच मां गो. मगे खय घालतले?" तिच्या आवाजात काहीच खोच नव्हती. तेच जास्त लागलं.

लावणीला मी होते. चतुर्थीला गणपतीच्या डोक्यावरची माटवी बांधताना होते. पहिल्या पावसाच्या आधीपासून मी याच घरात राहतेय, याच विहिरीचं पाणी भरतेय, रात्री दिवे गेले की सगळ्यांसोबत पडवीत बसतेय. हे सगळं कुणी कुठे मांडून ठेवत नाही, मला कळतं. तरीही दुपारभर मुलाखती उतरवून काढायला बसले आणि एक पानही पुढे सरकलं नाही.

माझ्या प्रबंधाचा विषयच हा आहे, म्हणून जास्त त्रास होतोय का? संपानंतर गावी परतलेल्या गिरणी कामगारांची ओळख. 1 मे 1981 ला रत्नागिरीतून सिंधुदुर्ग वेगळा निघाला आणि जानेवारी 1982 मध्ये संप सुरू झाला. म्हणजे ही माणसं गेली तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यातली होती. संप फसल्यावर ट्रंका घेऊन परतली ती सिंधुदुर्गात. परळ-लालबागला एका खोलीत गावची पंधरा-वीस माणसं पाळीपाळीने झोपायची, जेवायला खानावळ. तिथे ती 'कोकणातली' होती आणि इथे उतरली तशी 'मुंबईची' झाली. हे मी प्रकरणात लिहिलंय, मॅडमना आवडलंही. लिहिताना कुठे टोचलं नव्हतं.

माणसं गटात कशी वागतात याचा अभ्यास करणारा मानसशास्त्रज्ञ हेन्री ताजफेल पुन्हा वाचला. ब्रिस्टलच्या शाळकरी मुलांना त्याने एवढंच सांगितलं होतं की तुमच्यातल्या काहींना पॉल क्लेची चित्रं आवडली, काहींना कँडिन्स्कीची. गट खरं तर चिठ्ठ्या टाकाव्यात तसे पाडलेले. आपल्या गटात कोण आहे हेही मुलांना माहीत नव्हतं. तरी पैसे वाटताना त्यांनी आपल्या गटाला झुकतं माप दिलं. आपल्या गटाला थोडे कमी मिळाले तरी चालतील, पण समोरच्यांपेक्षा अंतर जास्त हवं, असंही अनेकदा झालं. हे 1971 मध्ये छापून आलं आणि जॉन टर्नरबरोबरची सामाजिक ओळखीच्या सिद्धांताची मांडणी 1979 ची. आज खांबापुढे उभी राहून मीही पहिल्यांदा दोन्ही कागदांची बेरीज ताडून पाहिली. मुंबईची जास्त होती आणि मला बरं वाटलं. ज्या यादीत मला राहायचं नाही, तिचीच बेरीज जास्त निघाली म्हणून बरं वाटलं! हे समजून घेतल्याशिवाय मला पुढचं प्रकरण लिहिता येणार नाही.

ताजफेल स्वतः पोलंडचा ज्यू. फ्रेंच सैन्यातून लढताना जर्मनांच्या हाती सापडला आणि पोलिश असणं लपवून फ्रेंच कैदी म्हणून वाचला. घरची माणसं मारली गेली. त्याच्यासाठी कुठल्या यादीत नाव आहे हा जगण्यामरण्याचा प्रश्न होता. त्याच्यापुढे माझं दुखणं केवढं! पण लहान आहे म्हणून ते जात नाही.

बौद्धवाडीचं एकही नाव दोन्ही कागदांवर नाही. 1956 नंतर त्यांनी या देवळाशी संबंध ठेवला नाही, आणि त्याआधी देवळाने त्यांच्याशी कसा ठेवला होता ते सगळ्यांना माहीत आहे. हा विषय इथे दोन ओळींत उरकण्यासारखा नाही.

मला ग्रामस्थांच्या यादीत जायचंय का? संध्याकाळी खूप विचार केला. तसंही नाही. मी परत जाणार आहे, प्रबंध झाला की नोकरी मुंबईतच शोधणार आहे. मला एवढंच हवं होतं की लिहिणाऱ्याचा हात माझ्या नावापाशी थोडा अडखळावा. हिला कुठे घालूया, असं कुणीतरी कुणाला तरी विचारावं. तसं कुणी विचारलं नाही, सगळ्यांना उत्तर माहीत होतं. 2020 मध्ये करोनाच्या वेळी आप्पांना शाळेत वेगळं ठेवलं होतं तेव्हाही सगळ्यांना माहीत होतं. आप्पा त्यावर अजून बोलत नाहीत.

मग वरच्या वाडीतले आजोबा आठवले. परतून चाळीस वर्षं उलटली, तरी अख्खा गाव त्यांना गिरणीच्या नावाने ओळखतो. ती गिरणी आता उभीसुद्धा नाही. वाईट वाटतं का, असं मी विचारलं होतं. ते म्हणाले, "वायट कित्याक? मी थंय होतंय, ता खराच मां." आणि लगेच साच्यांबद्दल, म्हणजे गिरणीतल्या मागांबद्दल बोलू लागले, एका वेळी किती साचे सांभाळायचे, धागा तुटला की आवाजावरून कसं कळायचं. तासभर बोलले. मला तेव्हा वाटलं होतं, मूळ प्रश्नाला बगल दिली. आज ती टेप पुन्हा ऐकली. ते प्रश्नाचंच उत्तर देत होते.

मध्यंतरी सरकारने 'चाकरमानी'ऐवजी 'कोकणवासी' म्हणायचं ठरवलं, तेव्हा ते काय म्हणाले असते? विचारायला हवं.

दादा रात्री म्हणाला, नाव बदलून घेतो, कमिटीत सांगतो. नको म्हटलं. मी तिथली आहे हे खरं आहे. इथे राहतेय हेही खरं आहे, आणि ते कागदावर नसलं तरी काकीला उद्या पहाटे माझ्याच नावाने हाक मारावी लागणार आहे, नाचणी झोडायची आहे.

प्रश्नावलीत एक प्रश्न वाढवतेय: परत आल्यावर वर्गणीच्या यादीत तुमचं नाव कुठे घातलं, आणि ते कुणी घातलं? आजोबांकडे पुन्हा जायचं, पण दुपारी. सकाळी ते बागेत असतात.