टप्पा 14, दिवस 2: पायाखाली पाणी, पाठीवर पाणी

रविवार, नोव्हेंबरचा दुसरा आठवडा. अमेरिकेच्या पश्चिमेला मेक्सिकोच्या सीमेपासून कॅनडाच्या सीमेपर्यंत जाणारी पायवाट, पॅसिफिक क्रेस्ट ट्रेल (पीसीटी). आजचा भाग दक्षिण कॅलिफोर्नियातला, टायलरहॉर्स कॅन्यन ते हायकरटाउन. अंतर सुमारे 24 मैल, म्हणजे साडेअडतीस किलोमीटर. दिशा दक्षिण, कारण गाडी तिकडे लावली होती. पहाटेचं तापमान माझ्या सॅकला लटकवलेल्या थर्मामीटरवर उणे 4. वारा दिवसभर समोरून.

पीसीटीचं वाळवंट म्हटलं की सगळ्यांना मे महिन्यातलं ऊन आठवतं. मेक्सिकोच्या सीमेवरून निघणारी मंडळी मोहावेच्या या तुकड्यात रात्री चालतात आणि दुपारी एखाद्या जोशुआ ट्रीच्या तुटपुंज्या सावलीत पडून राहतात. आम्ही, म्हणजे मी आणि अभ्या, नोकरदार, तुकड्या-तुकड्यांनी ट्रेल करणारे. दिवाळीनंतरच्या लाँग वीकेंडला जमलं म्हणून आलो. ‘थंडीत वाळवंट सोपं जातं’ असा माझा समज होता. त्यातला अर्धाच खरा निघाला.

आधी माझा गाढवपणा. शनिवारी संध्याकाळी टायलरहॉर्सच्या नाल्यात पाण्याची बारीकशी धार मिळाली. एक लिटर गाळून घेतलं आणि फिल्टर सवयीने सॅकच्या बाहेरच्या कप्प्यात सरकवला. सकाळी हातात घेतला तर आत बर्फाचा खडखडाट. आपण सगळे वापरतो त्या फिल्टरमध्ये नळीसारखे अतिशय बारीक पोकळ धागे असतात. आत राहिलेलं पाणी गोठलं की फुगतं आणि धागे तडकतात. वाईट म्हणजे हे बाहेरून कळत नाही. पाणी आधीसारखंच येतं, फक्त गाळलं जात नाही. एरवी तो माझ्या स्लीपिंग बॅगमध्ये, मोज्यात गुंडाळून झोपतो. त्या रात्री वाऱ्याने तंबूचे खिळे दोनदा उपटले, त्या धावपळीत राहून गेला.

“टाक आता तो कचऱ्यात,” अभ्या म्हणाला.

“अरे, चालत असेल की.”

“असेल. पण पोट कुणाचं?”

टाकला. म्हणजे कचऱ्याच्या पिशवीत घालून पाठीवर घेतला. शुद्ध पाणी माझ्याकडे अडीच लिटर उरलं होतं. मग नाल्यातलं एक लिटर उकळायचं ठरलं. 4,800 फुटांवर पाणी 95 अंशांच्या आसपासच उकळतं, पण एक मिनिट खळखळून उकळी आली की जंतूंसाठी ते पुरेसं असतं. माझा गॅसचा डबा बाहेर राहिल्याने ज्योत मेणबत्तीएवढीच. साधा ब्यूटेन शून्याच्या जवळपास वाफ व्हायचंच सोडतो, आणि माझा डबा स्वस्तातला होता. अभ्याने आपला डबा रात्रभर पोटाशी धरला होता, त्याच्यावर काम झालं. उरलेल्या ऊबेवर मेतकूट-भात. तूप डबीत दगड झालेलं, ते चमच्याने खरवडून भातावर टाकलं तर वितळायला तीन मिनिटं लागली. तेवढ्यात भात गार.

निघायला 7:10 झाले. सूर्य साडेसहालाच उगवला होता. थंडीतल्या वाळवंटाचा खरा हिशेब इथे आहे: घड्याळं मागे गेलेली, सूर्यास्त पाच वाजायच्या आत, उजेड मिळून साडेदहा तास. त्यातली पाऊण तासाची उधारी आम्ही चुलीपाशीच करून बसलो.

पहिले सात मैल उतार. घळीत उतरायचं, पुन्हा धारेवर चढायचं, असं करत साधारण 1,700 फूट खाली. वाट मऊ रेताड, बूट थोडा आत जातो आणि पोटऱ्या बोलायला लागतात. चहूकडे पवनचक्क्या. साताऱ्याजवळ चाळकेवाडीच्या पठारावर ज्याने मुक्काम केलाय त्याला तो आवाज माहीत असेल, हूं… हूं… असा, झोपेतही येणारा. पवनचक्क्या जिथे उभ्या करतात तिथे वारा असणारच, एवढा साधा विचार नकाशा बघताना मला सुचला नव्हता. वाऱ्याने डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, आणि प्यायची इच्छा मात्र शून्य. चौथ्या मैलाला लक्षात आलं की दोन तासांत मी फक्त चार घोट प्यायलोय. तहान लागत नाही, घाम अंगावर दिसायच्या आत उडून जातो आणि डोकं ठणकायला लागलं की मग कळतं. तेव्हापासून घड्याळात दर अर्ध्या तासाचा गजर लावला. वाजला की पाच घोट, आवडो न आवडो.

10:40 ला कॉटनवुड क्रीकचा पूल. इथे एक नळ आहे, कधी चालू असतो, कधी बंद. आज बंद होता. पुलाच्या आडोशाला दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. चिक्की आणली होती ती थंडीने इतकी कडक झालेली की अभ्याने दगडावर ठेवून ट्रेकिंग पोलच्या मुठीने फोडली.

यानंतरचे सतरा मैल या टप्प्याचं वैशिष्ट्य. ट्रेलचं नाव ‘क्रेस्ट’, म्हणजे धारेवरून जाणारी वाट, पण इथे डोंगरधार खासगी रँचच्या हद्दीत असल्याने वाट सपाटीवर आणून सोडली आहे. आणि ती चालते लॉस एंजेलिस अॅक्विडक्टच्या बरोबर. विल्यम मुलहॉलंडने बांधलेला हा कालवा 1913 मध्ये सुरू झाला. 233 मैल लांब, ओवेन्स व्हॅलीतून शहरापर्यंत, एकही पंप न लावता निव्वळ उतारावर. उद्घाटनाला मुलहॉलंडचं भाषण होतं पाच इंग्रजी शब्दांचं, मतलब एवढाच की हे आलं पाणी, घ्या. तिकडे वर ओवेन्स लेक पुढच्या काही वर्षांत कोरडं पडलं.

इथे कालवा जमिनीत गाडलेला आहे, वर काँक्रीटची पाठ. आपण त्या पाठीवरून चालतो. पायाखाली नदीभर पाणी आणि खांद्यावर मोजून अडीच लिटर. एका लोखंडी झाकणाला कान लावला. दूरवर लोकल येतेय असं वाटावं इतपत घरघर. मी विद्याविहारला वाढलो, तानसाच्या पाइपांच्या कडेने शाळेत जायचो. त्या पाइपांना टेकून उभ्या असलेल्या झोपड्यांतल्या बायका टँकरची वाट बघत बसायच्या. झाकणावरून कान काढताना त्याच आठवल्या.

चालायला मात्र हा भाग कंटाळवाणा. सरळ, कडक, सपाट. वाकणं-वळणं नसल्याने एकच स्नायू सतत काम करतो. अकराव्या मैलाला डाव्या नडगीत कळ सुरू झाली. काँक्रीट सोडून बाजूच्या मातीवरून चाललो तर वेग घटतो, पण कळ कमी होते. ज्यांना हा टप्पा करायचाय त्यांनी मऊ तळाचे बूट घालावेत, डोंगरातले कडक बूट इथे शिक्षा आहे. दोन वाजता जरा ऊन लागलं, तापमान 9. जोशुआ ट्रीच्या एका खोडाआड पाच मिनिटं पाय वर करून पडलो. जवळून बघितलं तर ते झाड वाटतच नाही, घायपाताचा कुणी थोराड चुलता. नात्याने आहेही तसंच.

पुढे काँक्रीट संपून काळा लोखंडी पाइप जमिनीवर येतो, माणसापेक्षा उंच. त्याच्या आडोशाला वारा एकदम थांबला. दिवसभरात पहिल्यांदाच एकमेकांचं बोलणं न ओरडता ऐकू आलं. तर बोलायला काही उरलं नव्हतं.

सूर्य गेला 4:50 ला आणि दहा मिनिटांत अंगातली ऊब कुणी काढून घेतल्यासारखी गेली. थांबून पफी जॅकेट चढवलं, हेडटॉर्च लावला. खरं म्हणजे हे थांबणं उजेड असतानाच व्हायला हवं होतं. बोटं इतकी आखडली की चेन अभ्याने लावून दिली, लहान पोराला लावतात तशी.

शेवटी कॅलिफोर्निया अॅक्विडक्ट. हा दुसरा, पाणी उत्तरेकडचं, आणि याचा स्वभाव उलटा: टेहाचापी डोंगर ओलांडायला हे पाणी पंपांनी 1,926 फूट वर उचलतात. हा कालवा उघडा आहे. दिवसभर ऐकलेलं पाणी टॉर्चच्या उजेडात पहिल्यांदा दिसलं, काळं, जोरात जाणारं, कुंपणापलीकडे.

हायकरटाउनला गाडीपाशी 5:55. चालण्याचा वेळ, विश्रांती धरून, पावणेअकरा तास. ट्रेल जिथे सुरू होते त्या मेक्सिको सीमेवरच्या कॅम्पोपासून आता विलो स्प्रिंग्ज रोडपर्यंत, म्हणजे या टप्प्याच्या उत्तर टोकापर्यंत, सलग साधारण 558 मैल झाले. माझ्या बाटलीत सव्वा लिटर उरलं होतं, अभ्याच्याकडे एक. हीटर लावला आणि दोघांनी ते तिथेच बसून संपवलं. पुढचा टप्पा टेहाचापी ते वॉकर पास. नवा फिल्टर मागवलाय. त्याच्यासाठी लोकरीचा जुना मोजाही बाजूला काढून ठेवलाय.