सर्व्हर नाही, लाइनही नाही
दुपारी लाइन गेली, इन्व्हर्टरनं मान टाकली, अन् नेमकं तेव्हाच माझं लॅम्डा फंक्शन, म्हणजे अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडवर स्वतःचा सर्व्हर न ठेवता चालणारा छोटा प्रोग्रॅम, स्वतःलाच बोलवत सुटलं. चूक माझीच. फोटो लहान करून, मूळ फोटो येतात त्याच बकेटमध्ये, म्हणजे क्लाउडवरच्या साठवणीत, ठेवत होतो. नवा फोटो दिसला की फंक्शन पुन्हा सुरू! गच्चीवर जाऊन, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर कॉन्करन्सी, म्हणजे एका वेळी फंक्शनच्या किती प्रती चालाव्यात तो आकडा, शून्य केली तेव्हा कुठं थांबलं.

बाबा तुरीच्या ढिगाजवळून, "सर्व्हरच नाही म्हनतं, तं मंग चालते कुठं?"

म्हटलं, मुंबईत. थ्रेशरसारखं. आपलं नाही, भाड्याचं. काढलं तेवढ्याचेच पैसे. फक्त पोत्यामागं नाही, मिलिसेकंदामागं.

"मंग आज रिकामंच फिरलं मशीन?"

हो ना बाबा. बिल अजून उघडलं नाही, आधी चहा.