तुम्ही विचारलंत म्हणून : ती गोष्ट खरी आहे का?

"मॅडम, ते खरंच घडलं होतं का?" माझ्या नाटिकेबद्दल हा प्रश्न शिक्षकांच्या केंद्राच्या बैठकीत येतो, लग्नाच्या पंगतीत येतो. परवा तर दवाखान्यात इंजेक्शन भरता भरता नर्सताईंनी विचारला. कन्नड तालुक्यातली चार पोरं शेळ्या हुडकत गौताळ्याच्या जंगलात शिरतात, त्यांना खवल्या मांजर, म्हणजे पँगोलिन, दिसतं, ते धरायला आलेल्या माणसाला ती भलत्याच वाटेला लावतात आणि जनावर वाचतं. एवढीच ती गोष्ट. आजवर "थोडंफार" म्हणून मी वेळ मारून नेली. आता एकदाच सांगते.

"गौताळ्यात वाघ आला होता की, तो का नाही घेतला?" हा जोडप्रश्न आधी निकालात काढू. २०२१ मध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्यातून तीनशेच्या वर किलोमीटर चालत तो आला, कॅमेऱ्यात दिसला, पेपरात फोटो आले. वाघावर लिहिणारे पुष्कळ आहेत. खवल्या मांजराला दातसुद्धा नाहीत. रात्री निघायचं, मुंग्या-वाळवी खायची आणि भ्यालं की पोटात तोंड खुपसून गुंडाळून बसायचं. बिबट्याला ते सहजी फोडता येत नाही. माणसाचं काम मात्र त्यामुळे सोपंच होतं. उचलायचं आणि पोत्यात टाकायचं.

तर, पोरं खरी होती. जंगलात शिरली वगैरे काही नाही. अभयारण्याच्या कडेला शेळ्या चारायला ती सुट्टीत रोजच असतात, त्याला साहस म्हणणारे शहरातले. दिवाळीच्या सुट्टीत त्यांना ओढ्याच्या दरडीत बीळ सापडलं. कुणाला सांगायचं नाही अशी शपथ घालून मलाही नेऊन दाखवलं. तोंडाशी ताजी उकरलेली माती, त्या मातीत शेपटी ओढत गेल्याची रेघ, दोन्ही अंगाला नखांच्या खुणा. जवळच्या वारुळाला भगदाड पडलेलं. अंधार पडल्यावर जनावरही दिसलं. पुढचे पंजे आत दुमडून, मागच्या पायांवर तोल सांभाळत, वाळक्या पाल्यातून खरखरत गेलं. चौघांतला एकजण माझा पदर घट्ट धरून उभा होता.

मग मोटारसायकलवाला आला. शाळेच्या कोपऱ्यावर पोरांना बिस्किटं वाटायचा, बीळ दाखवलं तर पैसे देतो म्हणायचा. तिघं काही बोलली नाहीत. पदर धरणाऱ्यानं सांगितलं.

त्याचे आईबाप ऊसतोडीला गेलेले, मुकादमाची उचल डोक्यावर, पोरगं आजीजवळ. हे कारण म्हणून सांगत नाही. बाकीच्या तिघांच्या घरीही दुसरं काय होतं? त्याची कड घ्यायला गेले की त्यांच्यावर अन्याय होतो, आणि नाही घेतली तर रात्री झोप लागत नाही.

सकाळी पोरांनी मला ओढतच नेलं. दरड टिकावानं खणून काढलेली. बीळ नाही, काही नाही, विड्यांची थोटकं. वनरक्षक आले, पंचनामा झाला. माणूस सापडला नाही, जनावरही नाही. शाळेत पोरांनी त्याच्याशी बोलणं टाकलं. खिचडीच्या रांगेत त्याच्या मागं कुणी उभं राहीना. मग आजी आली. "बाई, पोरगं जेवना गेलं. कुणी मारलं का त्याला?" मी नाही म्हटलं. खरंच कुणी हात लावला नव्हता.

त्याच दुपारी त्यानं कंपासपेटी उघडून माझ्या टेबलावर एक खवलं ठेवलं. खणलेल्या मातीत सापडलेलं. मातकट, कडेला झिजलेलं, उजेडात धरलं की बारीक उभ्या रेघा. आपलं नख ज्याचं बनतं त्याच केराटिनचं. अंगठ्या, ताईत, परदेशातली औषधं, सगळा धंदा एवढ्यावर. ते मी वनरक्षकांना दिलं, कारण १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं असलं काही जवळ ठेवणंही गुन्हा आहे. "मला धरतील का?" त्यानं विचारलं. बिस्किटवाल्याचं नाव त्यानं काढलं नाही, मीही काढलं नाही.

फेब्रुवारीत संमेलनासाठी नाटिका लिहिली ती अशी वाचलेल्या जनावराची. शेवट का बदलला म्हणून माहीतगार मंडळी टोचून विचारतात. अहो, गावात सगळ्यांना माहीत होतं कुणी सांगितलं ते. खरं दाखवलं असतं तर त्या पोरानं उरलेली शाळा कुठल्या कोपऱ्यात बसून काढायची होती? आणि हेही लपवत नाही, की गोड शेवटाला टाळ्या पडतात, जिल्ह्यात नंबर येतो. आला.

त्यानं काम केलं नाही, पडदा ओढला. प्रयोग संपल्यावर दोरी गुंडाळत म्हणाला, "मॅडम, असं नव्हतं झालं."

"गोष्ट आहे रे ती."

"मग दुसऱ्या जनावराची लिहायची."

तो दुखावलाय, असं मी कितीतरी वर्षं धरून चालले. हल्ली वाटतं, तो त्या जनावराच्या बाजूनं बोलत होता. गाव बदलून, पोरं बदलून खरं लिहिता आलं असतं, असं आताची मी म्हणते. तेव्हाची मी लगेच विचारते, मग इतक्या वर्षांत लिहिलंस का? आत्ता लिहितेय, तर तेही मोठ्यांसाठी. पोरांसाठी लिहायला अजून धजत नाही. त्याला फोन करून विचारलं. तो आता गावात नसतो. "लिहा," एवढंच म्हणाला.

नाटिका बसवायला परवानगी मागतात त्यांना मी अजून देते. प्रयोग झाला की गुरुजींचा हमखास फोन येतो. मुलं फार मागं लागलीत, सहल आणतो, ते बीळ नेमकं कुठल्या ओढ्यात होतं? मी म्हणते, पितळखोऱ्याची लेणी दाखवा, गौताळ्यातली सीता न्हाणी दाखवा. ओढा मी सांगणार नाही.