काझाच्या थंडीत न पडलेला दुसरा गिअर

पुण्यात माझे चारचाकी गाड्यांच्या दुरुस्तीचे वर्कशॉप आहे, आणि हिमालयात स्वतःच्या गाड्या घेऊन जाणाऱ्या हौशी मंडळींबरोबर मेकॅनिक म्हणून जाण्याचा योगही मला अधूनमधून येतो. एका जानेवारीत आम्ही तीन गाड्या घेऊन हिमाचल प्रदेशातल्या स्पितीला गेलो होतो. मनालीकडून कुंझुम खिंडीतून येणारा रस्ता हिवाळ्यात बर्फाखाली जातो, म्हणून शिमला, रामपूर, नाको, ताबो असा आधी सतलजच्या आणि मग स्पिती नदीच्या काठाने जाणारा मार्ग आम्ही धरला होता. स्पितीतले मुख्य गाव असलेल्या काझाला संध्याकाळी पोहोचलो तेव्हा तिन्ही गाड्यांची काही तक्रार नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांतल्या एका गाडीचा दुसरा गिअर पडेना, आणि ती गाडी या प्रवासासाठी मीच माझ्या हाताने तयार केलेली होती.

गाडी होती जुन्या पद्धतीची, डिझेलवर चालणारी, चारही चाकांना जोर देणारी. तिचे मालक बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ. आम्ही सगळे त्यांना काका म्हणत होतो. त्या सकाळी काझाच्या वरच्या लांगझा गावाला जायचे ठरले होते. आमच्या तापमापकात पारा उणे २२ अंशांवर होता. बॅटऱ्या रात्री खोलीत आणून ठेवल्यामुळे इंजिने थोड्या कुरकुरीनंतर सुरू झाली, काकांची गाडी पुढे निघाली आणि मी मागच्या गाडीतून पाहत होतो. पहिल्या गिअरमधून दुसऱ्यात जाताना त्यांची गाडी अडखळली, पुन्हा पहिल्यात आली, पुन्हा अडखळली, आणि तिसऱ्या वेळी दातांवर दात घासल्याचा तो कर्र आवाज मला मागच्या गाडीच्या बंद काचेतूनही ऐकू आला. मी हॉर्न वाजवून त्यांना थांबवले.

काका खाली उतरून म्हणाले, "अहो, दांडा अर्ध्यात जाऊन भिंतीला टेकल्यासारखा थांबतोय. जोर लावला तर ओरडतोय. गिअर बॉक्स गेला म्हणायचा का?" आमच्यातल्या एकाने तर सिंक्रो रिंगा, म्हणजे गिअर पडताना वेग जुळवणाऱ्या आतल्या कड्या, झिजल्या असतील, बॉक्स उतरवावा लागेल, असे निदानही करून टाकले. मी त्या दिवशीचे लांगझा रद्द करायला सांगितले. मंडळी नाराज झाली, पण माझ्या डोळ्यांपुढे चढ नव्हता, उतार होता. लांगझा साधारण ४,४०० मीटर उंचीवर आहे आणि तिथून खाली येताना वळणावळणांवर दाबून काचेसारखा झालेला बर्फ असतो. अशा उतारावर गाडी दुसऱ्या गिअरमध्ये इंजिनाच्या ओढीवर आवरून धरायची असते. वळणाच्या तोंडाशी तिसऱ्यातून दुसऱ्यात येताना गिअर पडला नाही, तर गाडी न्यूट्रलमध्ये मोकळी सुटते, पाय आपोआप ब्रेकवर जातो, चाके जाम होतात, आणि त्यानंतर स्टिअरिंग हातात असून नसल्यासारखे होते. बंद पडलेल्या गाडीची मला तितकी भीती वाटत नाही, जितकी ऐन वेळी गिअर न घेणाऱ्या गाडीची वाटते.

निदानासाठी मी आधी इंजिन बंद करून सगळे गिअर टाकून पाहिले. दांडा जड चालत होता, पण प्रत्येक गिअर पडत होता, म्हणजे दांड्याच्या जोडण्यांत काही अडकलेले नव्हते. मग इंजिन चालू ठेवून, क्लच पूर्ण दाबून, पाच सेकंद थांबून रिव्हर्स टाकला. तोही आवाज न करता पडला, म्हणजे क्लच नीट सुटत होता. खरा पुरावा तिसऱ्या परीक्षेत मिळाला. दांडा न्यूट्रलमध्ये ठेवून मी काकांना क्लचवरचा पाय अगदी हळूहळू उचलायला सांगितले. पाय वर येऊ लागताच इंजिनाचा आवाज असा दबला, की जणू गाडी चढाला लागली आहे. न्यूट्रलमध्ये क्लच सोडला म्हणजे इंजिनाला फक्त गिअर बॉक्सचा आतला शाफ्ट आणि त्याच्याशी जोडलेली चाके तेलातून फिरवायची असतात. तेवढ्यासाठी इंजिनाला धाप लागत असेल, तर बॉक्समध्ये तेल उरलेलेच नाही, त्याचा चिखल झाला आहे, असा त्याचा अर्थ होतो.

दुपारी सूर्य वर आल्यावर ती गाडी घेऊन मी रंग्रिकच्या बाजूला सपाट रस्त्यावर अर्धा तास फिरवली. पहिले काही किलोमीटर दुसरा गिअर कुरकुरला, मग मऊ झाला, आणि परत येईपर्यंत लोण्यात सुरी जावी तसा पडू लागला. रिंगा झिजल्या असत्या, तर बॉक्स गरम झाल्यावरही तक्रार राहिली असती; बऱ्याचदा ती गरम झाल्यावर अधिकच जाणवते. दोष यंत्रात नव्हता, मी भरलेल्या तेलात होता.

इथे आत काय घडते ते सांगायला हवे. गिअर बदलताना वेगवेगळ्या वेगाने फिरणारे दोन भाग एका वेगावर आणण्याचे काम सिंक्रोची रिंग करते. ती बहुधा पितळी असते, आतून उतरती असते आणि तिच्यावर बारीक आटे कोरलेले असतात. दांडा ढकलला की ती रिंग गिअरच्या शंकूसारख्या भागावर दाबली जाते, आटे मधला तेलाचा थर कापून बाजूला सारतात, धातू धातूला घासतो आणि त्या घर्षणाने दोघांचे वेग जुळतात. वेग जुळेपर्यंत रिंगेचे दात पुढची वाट अडवून धरतात. दांडा भिंतीला टेकल्यासारखा वाटतो तो यामुळे. तेल फार घट्ट असेल तर आट्यांना तो थर कापताच येत नाही, रिंग तेलावर नुसती घसरत राहते आणि वाट उघडत नाही. त्यात माणसाने जोर लावला, तर वेग जुळलेले नसताना दात दातांवर आदळतात. म्हणजे गिअर बॉक्समधल्या तेलाकडून आपण दोन परस्परविरुद्ध गोष्टी मागतो: दात आणि बेअरिंगे यांच्यामध्ये त्याने ठाम उभे राहावे, आणि रिंगेखालून मात्र क्षणात बाजूला व्हावे.

काकांच्या गाडीत मी पुण्यात ८०डब्ल्यू-९० दर्जाचे खनिज तेल भरले होते. तेल नवे होते, चांगले होते, पुण्याच्या हवेला योग्य होते. गाडीच्या पुस्तिकेत तापमानाप्रमाणे तेल निवडण्याचा तक्ता होता, त्याची पहिली ओळ मी वाचली आणि खालची, कडक थंडीसाठी ७५डब्ल्यू-९० सांगणारी ओळ वाचली नाही. गाडी कुठे जाणार आहे हे मला ठाऊक होते. सह्याद्रीच्या पलीकडे कधी न गेलेल्या गाड्यांत वर्षानुवर्षे तेच तेल ओतल्याने हाताला सवय लागली होती, एवढेच कारण मी देऊ शकतो, आणि ते पुरेसे नाही.

या आकड्यांचा अर्थ आपल्याकडे बऱ्याच मेकॅनिकांनाही नीट माहीत नसतो; बाजारात 'नव्वद नंबर' एवढेच मागितले जाते. मागचा ९० हा तेल गरम असतानाचा दाटपणा सांगतो, म्हणजे १०० अंश सेल्सिअसला ते किती पातळ होते ते. पुढचा, डब्ल्यू लागलेला आकडा थंडीतली वागणूक सांगतो. एकाच ठरावीक कमाल घट्टपणाच्या आत ८०डब्ल्यू तेलाने उणे २६ अंशांपर्यंत राहायचे असते आणि ७५डब्ल्यूने उणे ४० अंशांपर्यंत. म्हणून कागदावर पाहिले, तर उणे २२ ला ८०डब्ल्यू अजून मर्यादेतच होते. पण ती मर्यादा बेअरिंगांना तेल मिळण्याच्या दृष्टीने घातलेली आहे. गिअर हाताने सहज पडायचा, तर तेल त्याच्या कितीतरी अलीकडे पातळ असावे लागते.

आता प्रश्न असा होता की बदलून भरायचे काय. काझासारख्या ठिकाणी जानेवारीत हवे ते तेल मिळेलच असे नसते. एका दुकानात ७५डब्ल्यू-९० चा डबा मिळाला, आकडे अगदी हवे तेच, आणि मंडळींना वाटले की प्रश्न सुटला. डबा फिरवून पाहिला तर मागे जीएल-५ लिहिलेले होते. तो दर्जा मुख्यतः डिफरन्शिअलच्या, म्हणजे इंजिनाचा जोर आसावरच्या दोन चाकांत वाटणाऱ्या भागाच्या, गिअरांसाठी आहे. तिथे दात एकमेकांवर प्रचंड दाबाने घसरतात, म्हणून त्या तेलात गंधक आणि फॉस्फरसची संयुगे गिअर बॉक्ससाठीच्या जीएल-४ दर्जाच्या तेलाच्या साधारण दुप्पट असतात. तीच संयुगे पितळी रिंगेला मानवत नाहीत, आणि जिथे थोडे घर्षण हवे असते तिथे निसरडेपणा आणतात. दोन्हींसाठी चालेल असे बनवणाऱ्याने स्पष्ट लिहिलेली काही तेले असतात, पण त्या डब्यावर तसे काही नव्हते. मी तो परत केला. एका ट्रकचालकाने मोठ्या आपुलकीने दोन उपाय सुचवले: आहे त्या तेलात थोडे डिझेल मिसळा, नाहीतर सकाळी बॉक्सखाली स्टोव्ह पेटवून ठेवा. डिझेलने तेल पातळ होते हे खरे, पण चढावर बेअरिंगांमध्ये जो थर टिकायला हवा तोही त्याबरोबर जातो. आणि तेलाने माखलेल्या गाडीच्या पोटाखाली उघडी ज्योत मी माझ्या देखत ठेवू देणार नव्हतो.

सुदैवाने माझ्या स्वतःच्या गाडीत तेलगळती झालीच तर असावे म्हणून सिंथेटिक ७५डब्ल्यू-९० जीएल-४ चे चार लिटर मी बरोबर घेतले होते. त्याहून पातळ असे ७५डब्ल्यू-८० हाताशी असते, तरी त्या जुन्या बॉक्समध्ये मी ते घातले नसते. थंडीत ते आणखी सहज चालले असते, पण भरलेली गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये तासनतास चढवायची आणि पुढे उन्हाळ्यात चाळीस अंशांच्या उन्हात चालवायची, तर गरम बाजूचा ९० मला सोडायचा नव्हता.

बॉक्स गरम होता तोवरच काम उरकले. या कामात आधी भरण्याच्या तोंडाचा प्लग सैल करायचा आणि मगच खालचा, निचऱ्याचा प्लग काढायचा, हा नियम मी शिकाऊ मुलांना नेहमी सांगतो. तेल सांडून मोकळे झाले आणि वरचा प्लग उघडलाच नाही, तर गाडी जागेवरच अडकते. वरचा प्लग खरोखरच हट्टाला पेटला होता. पाइप लावून दोघांनी ओढला तेव्हा सुटला. निचऱ्याच्या प्लगवरच्या चुंबकाला नेहमीची करडी पेस्ट होती, तुकडा एकही नव्हता. उन्हात धरलेल्या तेलात मात्र पिवळसर चमक बारीकशी दिसली. पितळ चुंबकाला चिकटत नाही, ते असेच तेलात तरंगताना दिसते. सकाळच्या त्या जोराजोरीत रिंगेने थोडे तरी सोसले होते. नवे तेल आम्ही गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवून सैल केले आणि नळीने सव्वादोन लिटर भरले.

त्या रात्री मी काचेच्या दोन बाटल्या घेतल्या. एकीत काढलेले तेल, दुसरीत उरलेले नवे, आणि दोन्ही खिडकीबाहेरच्या कठड्यावर ठेवल्या. माझे गाव कोल्हापूरकडचे. गुऱ्हाळावर रसाची काकवी आणि काकवीचा गूळ होताना लहानपणी तासनतास पाहिला आहे. सकाळी त्या दोन बाटल्या आडव्या केल्या तेव्हा मला तेच आठवले. सिंथेटिक तेल काकवीसारखे संथ, पण अखंड वाहत बाटलीच्या तोंडाशी आले. खनिज तेल मात्र साच्यात ओतून निवत आलेल्या गुळासारखे तळाशीच बसून राहिले, आणि बऱ्याच वेळाने त्याचा एक कोपरा तेवढा खचला. खनिज तेलातले मेण थंडीत गोठू लागते. सिंथेटिक तेलाच्या मूळ घटकांत ते जवळजवळ नसते. काका बाटल्यांकडे पाहत म्हणाले, "हे आमच्या गाडीत होतं?" मी हो म्हणालो, आणि तक्त्याची कोणती ओळ मी वाचली नव्हती तेही त्यांना तिथेच सांगितले. ते म्हणाले, "तुम्ही काल थांबवलंत, ते बरं केलंत." त्यापलीकडे ते काही बोलले नाहीत.

त्या सकाळी पारा उणे २३ वर होता. न्यूट्रलमध्ये क्लच सोडला तेव्हा इंजिन किंचित दबले आणि लगेच सावरले. दुसरा गिअर पहिल्या दोन-तीन वेळा क्षणभर विचार करून पडला, आवाज न करता. तेल बदलल्याने थंडी नाहीशी होत नाही, म्हणून मी काकांना पहिले तीन किलोमीटर दांडा न्यूट्रलमध्ये एक श्वासभर थांबवून मगच पुढे ढकलायला सांगितले, आणि उतरत्या गिअरसाठी डबल क्लच शिकवला: क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून हलकासा ॲक्सिलरेटर, पुन्हा क्लच आणि मग खालचा गिअर. काका हसले, त्यांचे वडील एसटीत चालक होते आणि जुन्या बसगाड्यांवर ही रीत त्यांनी लहानपणी चालकाच्या मागच्या बाकावरून पाहिली होती. मधल्या त्या ॲक्सिलरेटरने शाफ्टचा वेग आधीच वर आणला जातो आणि रिंगेवरचे काम कमी होते.

त्या दिवशी आम्ही लांगझाला गेलो. दुपारनंतर परतताना मी काकांच्या शेजारी बसलो होतो. उतारावरच्या पहिल्या मोठ्या वळणाआधी त्यांनी तिसऱ्यातून दुसरा टाकला, दांडा जागेवर बसला, इंजिनाने गाडी धरली आणि ब्रेकला पाय न लावता आम्ही वळलो. त्यापुढची वळणे मी मोजली नाहीत.

काझात मोबाइलला रेंज आल्यावर मी पुण्याला वर्कशॉपमध्ये फोन लावला. फेब्रुवारीत लडाखला न्यायची म्हणून एक गाडी तयार होऊन उभी होती आणि तिच्यातही मीच ८०डब्ल्यू-९० भरले होते. मुलाला तिचे तेल काढून ठेवायला सांगितले, आणि नवे भरण्याआधी पुस्तिकेतला तक्ता शेवटच्या ओळीपर्यंत फोनवर वाचून दाखवायला सांगितला.