आधी एसएमपीएस कोणता ते सांगा

कमी बजेटमध्ये गेमिंगसाठी डेस्कटॉप घ्यायचा म्हटलं की चर्चा लगेच प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डावर जाते. मी मात्र पहिला प्रश्न एसएमपीएसचा, म्हणजे पीसीच्या सगळ्या भागांना वीज पुरवणाऱ्या डब्याचा विचारते. दुसरा मदरबोर्डचा, म्हणजे ज्यावर सगळे पार्ट्स बसतात त्या मुख्य बोर्डाचा. तयार पीसी घ्यावा की पार्ट्स आणून जोडावा, याचं उत्तर मला या दोन प्रश्नांत सापडतं.

भाचीने परवा एका तयार पीसीची माहिती पाठवली आणि विचारलं, "मावशी, हा घेऊ का?" प्रोसेसरचं नाव ठळक, ग्राफिक्स कार्डचं नाव त्याहून ठळक, १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी, काचेचं कॅबिनेट, रंगीत दिव्यांचे पंखे. एसएमपीएस कुठल्या कंपनीचा, किती वॉटचा? मदरबोर्ड कुठला? रॅमची स्टिक एक की दोन? ग्राफिक्स कार्डात मेमरी किती? यातलं काहीच लिहिलेलं नव्हतं. किंमत कमी ठेवायची असली की काटछाट इथेच होते, कारण या गोष्टी कुणी विचारत नाही.

आता पैशांचं. जोडलेला पीसी नेहमीच स्वस्त पडतो हे खरं नाही. २०२१ मध्ये ग्राफिक्स कार्डांची इतकी टंचाई होती की सुटं कार्ड घेण्यापेक्षा कार्ड बसवलेला अख्खा पीसी घेणं अनेकांना परवडत होतं. २०२५ च्या अखेरीस रॅम महागली, कारण मेमरी बनवणाऱ्यांचा माल एआयच्या डेटा सेंटरकडे वळला. अशा वेळी जुन्या भावाने रॅम घेऊन ठेवलेल्या कंपनीचा पीसी स्वस्त असू शकतो. म्हणून ज्या दिवशी घ्यायचा त्याच दिवशी एकेका पार्टची किंमत लिहून बेरीज करावी, आणि त्यात विंडोजचं लायसन्स धरायला विसरू नये. तयार पीसीत ते बहुतेक वेळा आलेलं असतं.

तरीही माझा कौल स्वतः जोडण्याकडेच आहे. कारण सांगते.

एका मैत्रिणीकडे एका मोठ्या कंपनीचा तयार डेस्कटॉप होता. तिला जास्त ताकदीचं ग्राफिक्स कार्ड टाकायचं होतं, म्हणून आम्ही कॅबिनेटची बाजूची झाकण-पट्टी काढली. मदरबोर्डला वीज देणारा प्लग नेहमीचा २४ पिनचा नव्हता, कंपनीने स्वतःचा छोटा प्लग दिला होता. एसएमपीएसचा आकारही वेगळा. कार्डाला वेगळी वीज देणारी वायर तर नव्हतीच. मदरबोर्डवरच्या स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॉट मिळतात. ६ पिनची वायर आणखी ७५ देते, ८ पिनची १५०. तिला हवं असलेलं कार्ड ८ पिनचं होतं. म्हणजे एसएमपीएस बदलायला हवा. बाजारातला साधा एसएमपीएस त्या मदरबोर्डला लागेना, म्हणून मदरबोर्डही बदलायला हवा. आणि नवा मदरबोर्ड त्या कॅबिनेटच्या स्क्रूंवर बसेना. उरलं काय, तर प्रोसेसर, रॅम आणि एसएसडी. मदरबोर्ड, एसएमपीएस आणि कॅबिनेटचं एटीएक्स हे सर्वांसाठीचं माप १९९५ पासून उपलब्ध आहे, आणि तरी गिऱ्हाइकाला असं अडकवून ठेवतात, याचा मला मनापासून राग येतो.

कमी बजेटवाल्याला याचा फटका जास्त बसतो. ज्याच्याकडे पैसा आहे तो चार वर्षांनी नवा पीसी आणेल. आपल्याला एका वर्षी रॅम, पुढच्या वर्षी कार्ड असं हळूहळू वाढवत न्यायचं असतं. एएमडी या प्रोसेसर बनवणाऱ्या कंपनीचं एएम४ सॉकेट, म्हणजे मदरबोर्डवर प्रोसेसर बसवायची जागा, २०१६ मध्ये आलं. २०१७ चे कित्येक साधे मदरबोर्ड नुसतं बायोस (बोर्डावरचं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करून २०२२ चा रायझन ७ ५८००एक्स३डी हा प्रोसेसर चालवू शकले. मदरबोर्ड नीट निवडण्याचा फायदा तो हा. आज एएम४ वरचा रायझन ५ ५६०० अजूनही चांगला आहे, पण त्या सॉकेटवर आता पुढे फारसं काही येणार नाही. बजेट थोडं ताणता येत असेल तर २०२२ मध्ये आलेल्या एएम५ वर जावं.

कार्डाच्या नावावरही विसंबू नये. आरटीएक्स ३०५० या एकाच नावाखाली ८ जीबीचं आणि ६ जीबीचं अशी दोन कार्डं आहेत, आणि फरक फक्त मेमरीचा नाही. ८ जीबीवाल्यात २५६० कोअर (हिशोब करणारे भाग) आणि १२८ बिटची मेमरी बस (मेमरीकडे जाणारा रस्ता), ६ जीबीवाल्यात २३०४ कोअर आणि ९६ बिट. तयार पीसीच्या माहितीत नुसतं '३०५०' लिहिलेलं असेल तर विचारून घ्यावंच. रॅमचंही तेच. १६ जीबीची एकच स्टिक लावली तर मेमरीचं एकच चॅनल, म्हणजे प्रोसेसरशी बोलायचा एकच मार्ग चालतो, ८-८ च्या दोन लावल्या तर दोन. वेगळं कार्ड न घेता प्रोसेसरमधल्याच ग्राफिक्सवर खेळणाऱ्याला हा फरक गेम सुरू झाल्याबरोबर दिसतो. एसएमपीएसवरच्या ८० प्लसच्या स्टिकरबद्दलही एक गैरसमज आहे. ते स्टिकर वीज किती कमी वाया जाते तेवढंच सांगतं. आतलं सामान कसं आहे, शॉर्ट झाल्यावर तो वेळेत बंद पडेल का, हे त्यावरून कळत नाही. त्यासाठी त्या नेमक्या मॉडेलची चाचणी वाचावी.

जोडण्याची भीती मात्र काढून टाका. प्रोसेसरच्या एका कोपऱ्यावर छोटा त्रिकोण असतो, तसाच सॉकेटवर असतो. दोन्ही जुळवून प्रोसेसर अलगद ठेवायचा, दाबायचा नाही. चार स्लॉट असतील तर दोन स्टिक बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये जातात, आणि बसताना खटका ऐकू येईपर्यंत जोर द्यावा लागतो. सगळ्यात किचकट काम कॅबिनेटच्या पुढच्या बटणाच्या बारीक वायरींचं. पॉवरच्या बटणाची वायर उलटी लागली तरी चालते, दिव्याची उलटी लागली तर दिवा लागत नाही, एवढंच. एएम५ वर पहिल्यांदा चालू केल्यावर स्क्रीन बराच वेळ काळी राहू शकते. बोर्ड तेव्हा डीडीआर५ रॅम तपासून जुळवून घेत असतो. बंद करू नका, थांबा. मॉनिटरची केबल मदरबोर्डला न लावता कार्डालाच लावा. आणि बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी किंवा एक्सपो (रॅम तिच्या पूर्ण वेगाने चालवणारी सेटिंग) चालू करा, नाहीतर पैसे देऊन घेतलेली वेगवान रॅम मूळच्या कमी वेगानेच चालत राहील.

तयार पीसी कुणी घ्यावा? बिघाड झाल्यावर तो शोधत बसायला ज्याच्याकडे वेळ नाही, त्याने. स्क्रीनवर काहीच येत नसेल तेव्हा दोष रॅमचा, बोर्डचा की एसएमपीएसचा, हे हाताशी दुसरे पार्ट्स नसताना ओळखणं खरंच अवघड आहे. जोडलेल्या पीसीत प्रत्येक पार्टची वॉरंटी वेगळी आणि धावपळही वेगळी. तयार पीसीत एकाच ठिकाणी तक्रार करायची. घरात तोच एक संगणक असेल आणि अभ्यास, काम सगळं त्यावरच चालत असेल, तर मी तयारच घ्या म्हणेन. फक्त प्रत्येक पार्टचं मॉडेल लेखी देणाऱ्याकडूनच घ्या. किंवा यादी आपली आणि जोडणी विक्रेत्याची, हा मधला मार्ग आहे. भाचीला मी तोच सुचवलाय. यादी ती स्वतः करतेय, मी फक्त तपासतेय.

हातात अगदीच कमी पैसे असतील तर ऑफिसमधून निघालेला जुना मोठा टॉवर घेऊन त्यात कार्ड टाकता येतं. तिथे ते ६ जीबीवालं ३०५० उपयोगी पडतं, कारण ते ७० वॉटचं आहे आणि त्याच्या बहुतेक मॉडेल्सना वेगळी वायर लागत नाही. घेण्याआधी आतली जागा मोजा. बारीक डब्यांत अर्ध्या उंचीचंच कार्ड मावतं.

आणि पीसी कसाही आला तरी, बदलून मिळण्याची मुदत आहे तोवर त्याला भरपूर दमवा. रॅम तपासणारा मेमटेस्ट प्रोग्रॅम रात्रभर लावा, सर्वात जड गेम सलग काही तास चालवा, प्रोसेसर आणि कार्डाचं तापमान लिहून ठेवा. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये १४४ हर्ट्झचा (सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणारा) मॉनिटर ६० वर तर अडकला नाही ना, तेही त्याच दिवशी बघून घ्या.