डावं पान

शाळेच्या जुबिलीच्या स्मरणिका समितीकडून फोन आला. "मॅडम, आठशे शब्द द्या. अभ्यासाच्या सवयींवर लिहिलंत तर आताच्या मुलांना उपयोग होईल." बोलणारा माझ्याच वर्गातला, १९९७ च्या दहावीचा. मागच्या बाकावर बसून माझ्या वेणीला खडू बांधायचा. त्याने मॅडम म्हटलं तेव्हाच ओळखलं की हे काम गळ्यात पडणार. आठशेचे दुप्पट झालेत. कात्री त्याने लावावी.

अभ्यासाच्या सवयी म्हटलं की पहाटे चारचा गजर आणि भिंतीवरचं वेळापत्रक डोळ्यांपुढे येतं. मी शाळेत असताना पहाटे कधीच उठले नाही. आता उठते, कारण म्हशी विताना पहाटेच अडतात. मी जनावरांची डॉक्टर आहे. शाळेतून बरोबर नेलेली माझी सवय एकच, आणि ती नववीच्या विज्ञानाच्या बाईंनी लावली. खरं तर त्यांनी ती लाल शाईने टोचून टोचून लावली.

प्रयोगवही आठवते ना? उजवं पान रेघांचं, डावं कोरं, आकृतीसाठी. उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान. दुसऱ्या मजल्यावर व्हरांड्याच्या टोकाला प्रयोगशाळा होती आणि मागच्या खिडकीतून गवळीवाड्यातल्या म्हशी दिसायच्या. स्पिरिटचा आणि शेणाचा वास एकत्र यायचा. मला दोन्ही आवडायचे, तेव्हाच कुणाच्या तरी लक्षात यायला हवं होतं.

ऑक्सिजन तयार करण्याचा प्रयोग होता. परीक्षानळीत पोटॅशियम परमँगनेटचे जांभळे खडे तापवायचे, तडतड आवाज येतो, वायू गोळा करायचा. मी निरीक्षणात ऐटीत लिहिलं, 'ऑक्सिजन वायू तयार झाला.' वही परत आली तेव्हा त्या ओळीखाली लाल रेघ आणि पुढे चार शब्द: 'हे तुला दिसलं का?'

मी भांडायला गेले. बाई म्हणाल्या, "ऑक्सिजनला रंग आहे?" नाही. "वास?" नाही. "मग दिसला कसा? तुला काय दिसलं ते सांग." धुमसती काडी नळीत धरली आणि ती भक्कन पेटली, एवढंच मला दिसलं होतं. "मग तेवढंच निरीक्षणात लिही. ऑक्सिजन खाली, अनुमानात."

पुढच्या प्रयोगात माझ्या नळीत काहीच झालं नाही. मी शेजारणीचं निरीक्षण उतरवलं आणि पकडली गेले. पण शिक्षा वेगळीच. उजव्या पानावर खरं निरीक्षण लिहायचं, 'काहीच झालं नाही', आणि डाव्या पानावर आकृतीखाली जागा उरते तिथे पेन्सिलने लिहायचं, का झालं नसेल. मी लिहिलं, बूच सैल होतं. बाईंनी पूर्ण गुण दिले. वर्षाच्या शेवटी माझ्या वहीची डावी पानं उजव्यांपेक्षा जास्त भरलेली होती, म्हणजे माझे प्रयोग किती फसले त्याचा हिशेबच.

बारावीनंतर शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात गेले. स्वारगेटहून साताऱ्याकडची एसटी, कात्रजचा घाट, कापूरहोळ, आणि नीरा नदीचा पूल ओलांडला की शिरवळ. मराठी माध्यमातून गेलेल्यांचा पहिला महिना इंग्रजी शब्दांशी झुंजण्यात जातो, त्यावर बरंच लिहिलं गेलंय, मी पुन्हा लिहीत नाही. माझं दुखणं वेगळं होतं. एमबीबीएसवाल्यांना एकच प्राणी शिकायचा असतो, आम्हाला गोठा, तबेला आणि खुराडं मिळून सगळेच. गायीला बरगड्यांच्या १३ जोड्या, घोड्याला १८. कमरेचे मणके गायीला ६, कुत्र्याला ७. गाय साधारण २८३ दिवसांनी विते, म्हैस ३१० च्या आसपास, शेळी १५० आणि कुत्री ६३.

मी हे सगळं वाचायचे, पिवळ्या पेनाने रंगवायचे, परत वाचायचे. तिसऱ्यांदा वाचताना पान ओळखीचं वाटायचं, आणि ओळखीचं वाटलं म्हणजे आलं असा माझा समज होता. पहिल्याच तोंडी परीक्षेत सरांनी विचारलं, बैलाला बरगड्यांच्या जोड्या किती? मी म्हणाले १८. सर शांतपणे म्हणाले, "मग टांग्याला जुंपायला हरकत नाही."

त्या रात्री होस्टेलवर मी पुस्तक मिटलं, कोरं पान घेतलं आणि आठवेल तेवढा सांगाडा पेन्सिलने काढला. मग पुस्तक उघडून लाल पेनाने चुका दुरुस्त केल्या. लाल इतकं झालं की बैलाला कुणी जखमी केल्यासारखा दिसत होता. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, मग चार दिवसांनी, मग पंधरा दिवसांनी. लाल कमी होत गेलं. हेर्मान एबिंगहाउस नावाच्या जर्मन मानसशास्त्रज्ञाने निरर्थक अक्षरं पाठ करत, ती किती वेगाने विसरली जातात हे स्वतःवरच मोजलं होतं आणि १८८५ साली ते प्रसिद्ध केलं, हे मला फार नंतर कळलं. विसरणं पहिल्या काही तासांतच सगळ्यात जास्त होतं आणि मध्ये अंतर ठेवून केलेली उजळणी टिकते. मला मात्र हे बैलाच्या बरगड्यांनी शिकवलं.

हाडांचंही तसंच. खोलीत खांद्याची दोन हाडं असायची. मैत्रीण मला डोळे मिटायला लावायची आणि एक हातात द्यायची. उजवं की डावं? गायीचं की घोड्याचं? हाडाच्या मधोमध एक उंच कणा असतो. त्यावरून बोट खाली नेलं की गायीच्या हाडात टोकाला पुढे आलेला एक कोपरा लागतो. घोड्याच्या हाडात तो नसतोच, कणा नुसता विरत जातो. हे वाक्य मी पुस्तकात पाच वेळा वाचलं होतं. बोटाला तो कोपरा एकदाच लागला आणि आजतागायत विसरलेले नाही.

इथवर अभ्यास झाला. यापुढचं समितीने मागितलेलं नाही.

इंटर्नशिपमधली गोष्ट. भोर तालुक्यातली एक वाडी, संध्याकाळचे पाच. संकरित गाय, तिसरं वेत, व्यायल्याला दुसरा दिवस, सकाळपासून बसलेली. मान पोटाकडे वळवलेली, कान गार. बरोबरचे डॉक्टर पलीकडच्या गोठ्यात होते. मला बघताक्षणी कळलं, मिल्क फीवर. व्यायल्यावर रक्तातलं कॅल्शियम घसरतं, गाय बसते, शिरेतून हळूहळू कॅल्शियम दिलं की बऱ्याचदा डोळ्यांदेखत उठून उभी राहते. पशुवैद्याच्या आयुष्यात यासारखी जादू दुसरी नाही. आणि गोठ्यात बारा-पंधरा माणसं जमली होती, ही पोरगी काय करते ते बघायला.

मी ४५० मिलीची बाटली टांगली, सुई शिरेत घातली. शंभरेक मिली गेलं असेल. छातीला स्टेथोस्कोप लावला होता, तो नियमच आहे. ठोके आधीच फार जलद होते, आता मध्येच एखादा चुकायला लागला. मी नळी बंद केली. तेवढ्यात मागून मालकाची आई म्हणाली, "पोरी, सड पायलास का? सकाळच्याला धार काढली तर निस्तं पानी आलं."

मी पाहिला नव्हता. मागचा उजवा सड. कासेचा तेवढा भाग दगडासारखा, गार, निळसर पडलेला. पिळला तर पिवळट पाणी आणि त्यात गाठी. कासदाह होता, म्हणजे कासेला आलेली सूज, तोही विषार अंगात भिनवणारा. तशी गायही बसते, तिचेही कान गार पडतात. पण तिचं हृदय आधीच थकलेलं असतं, आणि त्यात शिरेतून कॅल्शियम सोडायचं म्हणजे जुगार. डॉक्टर धावत आले, पुढचं सगळं त्यांनी केलं. गाय वाचली. तो सड मात्र कायमचा गेला.

रात्री केसची वही उघडली. उजव्या पानावर केस लिहिली होती आणि निरीक्षणाची पहिलीच ओळ होती, 'गायीला मिल्क फीवर.' गोठ्यात जायच्या आधीच, गाडीत फोनवरचं ऐकून लिहिलेली. मला बाईंची लाल रेघ दिसली. हे तुला दिसलं का?

डावं पान त्या दिवशी तीनदा खोडून लिहिलं. पहिल्यांदा लिहिलं ते निव्वळ रडगाणं होतं: मी नालायक आहे, मला हे जमणार नाही. दुसऱ्यांदा लिहिलं ते पुस्तकातलं कासदाहाचं प्रकरण. तिसऱ्यांदा खरं आलं. मी घाई केली, कारण शेवटची एसटी चुकेल असं वाटत होतं. त्याहून मोठं कारण म्हणजे गाय सगळ्यांसमोर उठून उभी राहायला मला हवी होती. मला टाळ्या हव्या होत्या. म्हणून मी तोच आजार पाहिला, ज्यात टाळ्या मिळतात. हे लिहिताना कान तापले होते, अजूनही थोडे तापतात.

सगळ्यात खाली लिहिलं होतं, 'पुढच्या वेळी जास्त काळजी घेईन.' ते खोडलं. काळजी घेईन म्हणजे नेमकं काय करीन? मग लिहिलं: 'व्यायलेली गाय बसलेली दिसली तर बॅग उघडण्याआधी चारही सडांची धार हातावर घेऊन बघायची.' ही ओळ मी आजही पाळते. त्या वाडीत मला अजून सडवाली डॉक्टरीण म्हणतात. गाय पुढची दोन वेतं तीन सडांवर दूध देत होती, आणि आजी दर वेळी ते मला आवर्जून सांगायच्या.

अशा लिखाणाला आता मोठं नाव आहे, चिंतनपर लेखन. परदेशातल्या बऱ्याच पशुवैद्यक महाविद्यालयांत विद्यार्थ्यांना ते लिहावंच लागतं. ग्रॅहम गिब्ज या ब्रिटिश शिक्षणतज्ज्ञाने १९८८ साली त्याच्या सहा पायऱ्या मांडल्या: काय घडलं, काय वाटलं, बरं-वाईट काय झालं, असं का झालं, दुसरं काय करता आलं असतं, पुन्हा तशीच वेळ आली तर काय करायचं. त्या वाचल्यावर मला एवढंच वाटलं की 'काय वाटलं' हे सोडलं तर बाकी बहुतेक आमच्या नववीच्या वहीत होतं. आणि 'काय वाटलं' नसतं, तर माझी टाळ्यांची हाव मला कधी सापडली नसती, हेही खरं.

माझ्याबरोबर दर वर्षी दोन-तीन इंटर्न पुण्याभोवतीच्या गोठ्यांमधून फिरतात. त्यांना मी वही देते. आधी हसतात, "मॅडम, डायरी?" मग लिहितात, आणि दोघांपैकी एकजण हमखास रडगाणं लिहितो, दुसरा पाठ्यपुस्तक. माझ्या अटी थोड्याच आहेत. त्याच रात्री लिहायचं, एका पानात मावायला हवं, मालकाचं नाव नको. मालक जे बोलला ते त्याच्याच शब्दांत हवं: 'रवंथ सोडलीय', 'पान्हा चोरते', 'दोनदा उलटली' (म्हणजे दोनदा गाभण राहिली नाही). त्याचं इंग्रजी करताना निम्मी माहिती सांडते. आणि केस चांगली झाली तरी लिहायचं. नशिबाने बरी झालेली गाय माणसाला फार चुकीचं शिकवून जाते.

मध्येच एक सांगते. आपल्या देशातली जनावरांच्या रोगांवर संशोधन करणारी पहिली सरकारी प्रयोगशाळा १८८९ साली पुण्यातच सुरू झाली, तेव्हाच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे आज जिथे सीओईपी हे अभियांत्रिकीचं विद्यापीठ आहे तिथे. चार वर्षांत ती हिमालयात मुक्तेश्वरला हलवली. भयंकर संसर्गजन्य जंतू, वस्तीपासून लांब बरे. कारण योग्यच होतं. तरी पुणेकर म्हणून थोडं लागतंच.

बाई निवृत्त होऊन कोथरूडला असतात. मागच्या दिवाळीत भेटायला गेले आणि सडाची गोष्ट पहिल्यांदाच त्यांना सांगितली. सगळं ऐकून त्या म्हणाल्या, "बूच सैल होतं तुझं." आणि चहा टाकायला उठल्या.

आता जरा कडू. माझी भाची सध्या आपल्याच शाळेत नववीत आहे. तिची प्रयोगपुस्तिका छापील आहे. निरीक्षणाच्या ओळी तयार, मध्ये रिकाम्या जागा, आणि त्या भरायचे शब्द फळ्यावर. 'धुमसती काडी ______ पेटते.' डावं पान नाहीच. शिक्षकांवर राग नाही, एका वर्गात साठ मुलं आणि तासाला पस्तीस मिनिटं हे मलाही दिसतं. पण जुबिलीनिमित्त माजी विद्यार्थ्यांनी शाळेला काय द्यावं, अशी विचारणा आली होती, म्हणून गेल्या शनिवारी मी अप्पा बळवंत चौकात गेले. दुकानदाराला म्हटलं, एका बाजूला रेघा, एका बाजूला कोरं, अशा प्रयोगवह्या हव्यात. तो म्हणाला, "ताई, ती मागणी कधीच बंद झाली. करून घ्याव्या लागतील. किती करायच्या?"

किती करायच्या, ते मुख्याध्यापकांनी दिवाळीच्या सुट्टीआधी कळवावं. पैसे मी भरले आहेत.