तुम्ही विचारलंत म्हणून: पालिकेनं माहिती नाकारली, अपील करू का?

‘माहिती अधिकारात अर्ज टाकला, नगरपालिकेनं नकार कळवला. अपील करू का?’ असं बरेच जण विचारतात. करा, पण आधी स्वतःचाच अर्ज पुन्हा वाचा.

‘आमचा रस्ता सहा महिन्यांत का उखडला?’ असं विचारलं असेल, तर जन माहिती अधिकारी सुटला. या कायद्यानं दप्तरी असलेला कागद मिळतो, खुलासा मिळत नाही. तेच असं मागा: ‘अमुक रस्त्याच्या डांबरीकरणाचं मंजूर अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेची संबंधित पानं, चाचणी अहवाल आणि अंतिम देयक यांच्या प्रती.’ मोजमाप पुस्तिका विसरू नका. किती लांबी, किती जाडी, कुणी कधी मोजली हे तिथंच असतं आणि देयक त्यावरूनच निघतं. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, त्यामुळे गाऱ्हाणं आत घालायला जागाही नसते. अर्ज चुकला असेल तर अपिलात महिने घालवण्यापेक्षा १० रुपयांचा नवा अर्ज बरा.

अर्ज बरोबर असेल तर तारखा मोजा. अर्ज पोचल्यापासून ३० दिवसांत उत्तर यायला हवं. उत्तर मिळाल्यापासून, किंवा आलंच नाही तर ती मुदत संपल्यापासून, ३० दिवसांत पहिलं अपील करायचं. त्याला २० रुपयांचा कोर्ट फी स्टँप. आवक क्रमांकाची पोच नसेल तर हे गणित मांडताच येत नाही. प्रतींचं शुल्क कळवणारं पत्र निघाल्यापासून तुम्ही पैसे भरेपर्यंतचे दिवस मुदतीत धरत नाहीत, म्हणून ते पत्र कधीकधी अगदी २९व्या दिवशी निघतं. मुदत टळली असेल तर मात्र कलम ७(६) प्रमाणे माहिती विनामूल्य द्यावी लागते.

आता नकाराची कारणं. ‘माहिती विस्तृत आहे’ हे सगळ्यांत लाडकं. त्यासाठी दाखवतात ते कलम ७(९), पण त्यात फक्त माहितीचं स्वरूप बदलायची मुभा आहे, नाकारायची नाही. ‘त्रयस्थ पक्षाची हरकत आहे’ हेही तसंच: ठेकेदाराचं म्हणणं विचारात घ्यायचं असतं, निर्णय अधिकाऱ्याचा. काही भाग खरोखर देण्याजोगा नसेल तर कलम १० नुसार तेवढा झाकून बाकीचं द्यावं लागतं. ‘नस्ती (म्हणजे फाईल) आढळत नाही’ हे कारण तर माहिती नाकारण्याची कारणं सांगणाऱ्या कलम ८ मध्ये नाहीच. अपिलात शोध घेऊन जबाबदारी निश्चित करण्याची मागणी करा. नकार योग्य होता हे सिद्ध करणं अधिकाऱ्याचं काम आहे, कलम १९(५). अपिलात हे वाक्य जरूर घाला.

पहिल्या अपिलात दंड मागणं व्यर्थ, तो अधिकार फक्त माहिती आयोगाला: दिवसाला २५० रुपये, कमाल २५,०००, आणि तेही तुमच्या खिशात येत नाहीत. ३० ते ४५ दिवसांत निर्णय आला नाही किंवा पटला नाही, तर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं अपील. तिथं तारीख लागायला फार वेळ जातो, म्हणून पहिल्या अपिलाच्या सुनावणीतच नस्ती पाहण्याची मागणी लावून धरा. अवलोकनाचा पहिला तास विनामूल्य असतो. नस्तीत पत्रव्यवहाराआधी टिप्पणीची, म्हणजे अधिकाऱ्यांच्या शेऱ्यांची पानं बघा आणि हव्या त्या पानांचे क्रमांक टिपून, तेवढ्याच प्रती लेखी मागा.